न चाखलेला घाणा

सकाळी साडेसहाला चंद्रमतीने साबणाचा एक तुकडा जिभेच्या टोकाला लावला आणि तिची उरलीसुरली झोप उडाली.

खरं म्हणजे त्या दिवशी तिला साबणाकडे बघायचंही नव्हतं. आदल्या दिवशीच वेंकूबाईंच्या यजमानांचा, सूर्यनारायणरावांचा, सदाभिषेक पार पडला होता. माणसाला ऐंशी वर्षं पुरी झाली की त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या डोक्यावर कलशांचं पाणी घालण्याचा हा सोहळा तंजावुरात थाटात करतात. जेवून निघालेल्या पाहुण्यांना पिवळ्या कापडी पिशवीतून नारळ, विडा आणि एखादी वस्तू देतात. या वेळची वस्तू म्हणजे चंद्रमतीने केलेला वाळ्याचा साबण होता. साठ पिशव्या, साठ साबण. दोन दिवस उभं राहून तिचे गुडघे सुजले होते. परसातल्या फळीवर लाद्यांची कापलेली टोकं पडून होती, ती भांडी घासायला होतील म्हणून तिने डब्यात भरायला घेतली आणि हाताला लागलेलं पहिलं टोक जुन्या सवयीने जिभेला लावलं.

साबण नीट जमला असेल तर जिभेला नुसता साबण लागतो, बेचव आणि बुळबुळीत. आत कॉस्टिक सोडा शिल्लक राहिला असेल तर टॉर्चच्या सेलला जीभ लावल्यासारखा चटका बसतो. चंद्रमतीला चटका बसला.

तिने चूळ भरली आणि दुसरं टोक घेतलं. साचे चार होते, त्यामुळे टोकं आठ. आधी भरलेल्या दोन साच्यांची टोकं गप्प राहिली. नंतरच्या दोन साच्यांच्या चार टोकांपैकी तीन चावली. म्हणजे साठातले निदान निम्मे साबण संशयाचे, आणि ते कोणते हे सांगायची सोय नाही, कारण कागदात गुंडाळताना सगळे एकत्र झाले होते.

ती पाटावर बसली. तिला पापनाशमची राजम आठवली. राजम वेंकूबाईंची भाची. काल निघताना तिने पिशवीत हात घालून साबण नाकाशी धरला होता आणि म्हणाली होती की हा मी नातीच्या आंघोळीला ठेवणार, बाजारचा साबण तिला सोसत नाही. चंद्रमतीला बरं वाटलं होतं. तिने मान हलवून होकार दिला होता. नात दहा महिन्यांची होती.

नवरा श्रीनिवासराव ओसरीवर बसला होता. त्याला जे झालं ते तिने थोडक्यात सांगितलं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यावर आली होती, त्यामुळे त्याला मोपेड चालवायची बंदी होती. तो म्हणाला की फोन कर. राजमचा फोन तिच्याकडे नव्हता. पाहुण्यांची यादी वेंकूबाईंकडे होती.

वेंकूबाईंकडे जावं लागणार, याचाच तिला जास्त शीण आला.

चंद्रमतीचं शिक्षण अकरावीपर्यंतचं. बाविसाव्या वर्षी ती मुलींच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडर म्हणून लागली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाली. छत्तीस वर्षं तिने परीक्षानळ्या धुतल्या, बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मुलींच्या हातून सांडलेलं पुसलं. शेवटच्या वर्षाच्या मुलींना व्हॅनिशिंग क्रीम करायचा एक प्रयोग असे. त्यासाठी स्टिॲरिक ॲसिडचे पांढरे पापुद्रे तीच तोलून देई. हाताला मेणासारखे लागणारे, जवळजवळ बिनवासाचे. ते वितळवायचे, पोटॅशच्या कोमट पाण्यात ढवळायचे, थोडं ग्लिसरीन घालायचं. बघता बघता दुधासारखं पाणी लोण्यासारखं होई आणि मुली हरखून जात. चंद्रमती कधी हरखली नाही, पण तिने बघून ठेवलं. तिचे स्वतःचे हात परीक्षानळ्या धुऊन फुटलेले असत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने घरी क्रीम केलं, हातांना लावलं, मग आईच्या टाचांना लावलं. पुढे गल्लीतल्या बायका डब्या घेऊन येऊ लागल्या.

साबण तिने निवृत्तीनंतर सुरू केला. खोबरेल, तिळाचं तेल, थोडं एरंडेल. कावेरीकाठच्या दमट हवेत असा साबण चार दिवसांत साबणदाणीत लगदा होऊन बसतो. त्यावर स्टिॲरिक ॲसिड हाच उपाय. तेलाच्या शंभर भागांत तीन-चार भाग घातलं की वडी टणक राहते आणि फेस सायीसारखा दाट येतो. मात्र ते फार लहरी असतं. तेल ऊन असेतो गप्प विरघळून राहतं. गार काही लागलं की जागच्या जागी थिजतं आणि सगळं मिश्रण एकदम घट्ट होतं. पाहणाऱ्याला वाटतं, साबण झाला. झालेला काहीच नसतो. तेल तेलाच्या जागी असतं आणि कॉस्टिकचं पाणी हळूहळू तळाशी जाऊन बसतं. चंद्रमती त्याला खोटी घट्टी म्हणे. म्हणूनच ती थर्मामीटरशिवाय काम करत नसे आणि एका वेळी केलेला साबणाचा घाणा पुरता वाळला की त्यातली एक तरी वडी जिभेला लावून बघितल्याशिवाय घराबाहेर जाऊ देत नसे.

वेंकूबाईंच्या साबणाच्या वेळी या दोन्ही गोष्टी राहिल्या.

वेंकूबाई नात्याने श्रीनिवासरावाच्या आत्या. वय शहात्तर, चण लहान, आवाज मोठा. मेलवीधीतल्या मराठी घरांत जुन्या पद्धतीची मडी पाळणाऱ्या त्या जवळजवळ शेवटच्या. महाराष्ट्रात ज्याला सोवळं म्हणतात, त्याला इथे मडी म्हणतात. बाजारच्या साबणात कसली चरबी असते कोण जाणे, म्हणून त्यांनी चाळीस वर्षं मुगाच्या पिठाने आंघोळ केली होती आणि चंद्रमतीचा साबण निघाल्यावर त्या एकदाच्या साबणावर आल्या होत्या. तेव्हाही त्यांनी उलटतपासणी घेतली होती. त्यात ॲसिड आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, ॲसिड तर गुंड लोक फेकतात. चिंचेतही ॲसिडच असतं, हे चंद्रमतीने समजावलं. हे पापुद्रे पामतेलातून काढलेले, जनावराच्या चरबीतले नाहीत, असं लिहिलेला कागद तिने तिरुच्चीच्या दुकानदाराकडून आणून दाखवला. वेंकूबाईंनी तो कागद देवघरातल्या पेटीत ठेवून दिला.

सदाभिषेकाचा साबण मात्र मडीतच झाला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. तो त्यांच्या परसात, त्यांच्या विहिरीच्या पाण्याने करायचा. चंद्रमतीने डोक्यावरून आंघोळ करून, कुणी न शिवलेलं लुगडं नेसून. थर्मामीटर कॉलेजातला, छत्तीस वर्षांत कशाकशात बुडवलेला, तो चालणार नाही. विजेची रवी चालणार नाही, लाकडी पळीने ढवळायचं. कॉस्टिक पितळेत आणि कल्हईत चालत नाही, स्टीलचंच पातेलं लागतं, एवढं एक चंद्रमतीचं त्यांनी ऐकलं. बाकी तिने वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात काही लागतं.

तो मार्गळीचा, म्हणजे धनुर्मासाचा, महिना होता. पहाटे पाचला देवळांच्या कर्ण्यांवरून गाणी सुरू झालेली, विहिरीचं पाणी बर्फासारखं. ओल्या केसांनी चंद्रमतीने कॉस्टिक पाण्यात घातलं. ते उकळीसारखं तापलं, ते उतरेतो थोडा वेळ थांबायचंच होतं. चुलीवर तेलात पापुद्रे विरघळत होते. तेवढ्यात वेंकूबाईंनी आतून सांगितलं की माझी पूजा होऊन देवाचं फूल येईपर्यंत काही मिसळू नको. पूजेला तास गेला. फूल आलं तोवर कॉस्टिकचं पाणी विहिरीच्या पाण्याइतकंच गार झालं होतं. चंद्रमतीने ते तेलात ओतलं. दहा मिनिटांत पळी जड झाली, पळीतून सोडलेली धार मिश्रणावर रेघ धरून राहू लागली.

इतक्या लवकर साबण होत नाही, हे तिला ठाऊक होतं. पातेलं पुन्हा चुलीवर चढवायचं, सगळं वितळू द्यायचं आणि पुन्हा पाऊण तास ढवळायचं, हा त्यावरचा इलाजही ठाऊक होता. तिने पातेल्याच्या कडीला हात घातला. उजव्या खांद्यातून कळ आली. वेंकूबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, झालं की, छान घट्ट झालं. चंद्रमतीने कडीवरचा हात काढला आणि साचे पुढे ओढले.

वाळायला ठेवलेल्या वड्या महिन्याने बघितल्या तेव्हा काहींवर पांढरे कण दिसत होते. न विरघळलेल्या पापुद्र्यांचेही कण तसेच दिसतात आणि ते निरुपद्रवी असतात. कॉस्टिकचेही तसेच दिसतात. डोळ्याला फरक कळत नाही. हळद लावून बघावी तर साबणावर ती एरवीही लाल होते. जीभ तेवढी सांगते. पण मडीतला साबण जिभेला कसा लावायचा? नैवेद्याची खीर कुणी आधी चाखून बघतं का? एक वडी उष्टी झाली की तिच्याबरोबरच्या सगळ्या गेल्या. चंद्रमतीला स्वतःला मडीचं फारसं काही नव्हतं, कॉलेजात तिने सगळ्यांचे डबे खाल्ले होते. पण दुसऱ्याच्या श्रद्धेची वस्तू आपल्या हातात आहे, ती कुणी बघत नसताना उष्टी करायची आणि वर शुद्ध म्हणून द्यायची, हे तिला जमेना. तिने कण पापुद्र्यांचे आहेत असं मानलं, साठ वड्या सुती फडक्याने पुसल्या आणि वेंकूबाईंच्या देखत कागदात बांधल्या. टोकं तेवढी घरी आली आणि कामाच्या गडबडीत फळीवर पडून राहिली.

सात वाजता चंद्रमती वेंकूबाईंच्या दारात उभी होती. वेंकूबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की असं होणं शक्य नाही. मडीत केलेल्या वस्तूला दोष येत नाही. दोष आला असेल तर तो टोकांना, कारण टोकं तिच्या घरी गेली. चंद्रमतीने राजमचा नंबर आणि पत्ता मागितला. यादी देता देता वेंकूबाई म्हणाल्या, "वास चुकला म्हणून सांग. पाहिजे तर बदलून दे. पण मडीच्या साबणाने कातडं जळतं, असं माझ्या घरच्या कार्याचं नाव घालवूं नको गे."

"वास चुकला म्हटलं तर लोक वापरतील, आत्याबाई. वासाला कोण भितं?"

"मग तूं पहिल्यांदा चूक करतेस असं थोडंच आहे. आपली चूक म्हणून सांग."

"माझीच आहे. तेंच सांगणार." चंद्रमतीने यादी पिशवीत घातली. "तुमचा साबणही द्या."

वेंकूबाईंनी तो दिला नाही. मी आजच त्याने आंघोळ केली, मला काही झालं नाही, असं म्हणून त्या आत गेल्या. त्यांचे केस कोरडे होते, लुगडंही कोरडं होतं. चंद्रमतीने ते बघितलं आणि ती पायऱ्या उतरली.

रस्त्यातूनच तिने राजमला तीनदा फोन लावला. घंटा वाजून बंद झाली. कोईमतूरला असलेल्या मुलीला, नंदिताला, तिने फोन केला. नंदिताला मराठी कळतं सगळं, बोलते ती तमिळच. तिने आईच्या सांगण्यावरून तमिळमध्ये संदेश तयार केला की कालचा साबण वापरू नका, त्यात कॉस्टिक राहिलं आहे, चंद्राक्का येऊन परत नेतील. तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. जुन्या बसस्टँडवर पोचेपर्यंत अकरा जणांची उत्तरं आली होती. अकराही जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती. त्यातल्या एकाने खाली सदाभिषेक फार छान झाला, असंही लिहिलं होतं.

कुंभकोणमची बस भरलेली होती. पापनाशम तासाभराचं. अय्यमपेट्टैपर्यंत चंद्रमती उभी होती, मग एका बाईने मांडीवरची पिशवी खाली ठेवून तिला टेकायला जागा दिली. सांब्याचं, म्हणजे हिवाळी हंगामाचं, भात कापणीला आलं होतं. रस्त्यात कापणीचं यंत्र आडवं आलं आणि बस त्याच्या मागे बैलगाडीच्या चालीने चालली. अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं. कंडक्टर उतरून यंत्रवाल्याशी बोलला आणि हसत परत आला. चंद्रमतीने घड्याळ बघितलं. साडेनऊ. दहा महिन्यांच्या मुलीला घरात कधी आंघोळ घालतात, हे आठवायचा ती प्रयत्न करत होती. नंदिताला ती कामावर जायच्या आधी घाईघाईने घाली. पण ज्या घरात आजी असते तिथे ऊन चढल्यावर, सावकाश, दहाच्या सुमाराला घालतात. राजम सावकाश काम करणारी बाई होती.

कॉलेजात एकदा एका मुलीच्या हातावर कॉस्टिक सांडलं होतं. नळाखाली हात धरून चंद्रमती वीस मिनिटं उभी होती. ती मुलगी एकवीस वर्षांची होती आणि तिच्या हाताचं कातडं टणक होतं. त्यापुढचा विचार तिने केला नाही, खिडकीबाहेर नारळ मोजत बसली.

स्टँडवर उतरून तिने ऑटो केला. राजमचं घर अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणआळीत, होतं. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि तिला वाळ्याचा वास आला. ओला, ताजा, तिच्याच साबणाचा. परसातल्या दगडावर पाणी सांडलेलं होतं, पितळेचं घंगाळ उपडं घातलेलं होतं आणि दोरीवर एक छोटं झबलं ठिबकत होतं.

चंद्रमतीने राजमला हाक मारली. 

राजम बाहेर आली, खांद्यावर टॉवेल, कडेवर मूल. मूल मुठी चोखत होतं. चंद्रमतीने आधी त्याची पोटरी हातात घेतली, मग दंड, मग मानेखालची वळी. कातडं पिवळसर आणि गार होतं. मुगाच्या पिठाचा वास येत होता.

काय झालं म्हणून राजम विचारत राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिची मुलगी, बाळाची आई भुवना, आली. भुवना तिरुच्चीला फार्मसी शिकवते, सध्या रजेवर. तिने डाव्या हाताची बाही वर सरकवली आणि हात चंद्रमतीपुढे धरला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, विड्याच्या पानाएवढा लाल पट्टा उठला होता. मुलीला कुठलीही नवी वस्तू लावायच्या आधी ती स्वतःच्या हाताला लावून तासभर थांबते, असं तिने सांगितलं. आज सकाळी लावली. अर्ध्या तासात झोंबायला लागलं. म्हणून मुलीला पीठच लावलं. आईचा फोन नेहमीप्रमाणे तांदळाच्या डब्यावर पडला असेल.

चंद्रमतीने तो हात नळाखाली नेला आणि धरून ठेवला. भुवनाने सांगितलं की मी धुतलाय, बराच वेळ धुतलाय. तरी चंद्रमतीने सोडला नाही. पाणी वाहत राहिलं. मग तिने, खाली बघतच, सगळं सांगितलं. गार पाणी, खोटी घट्टी, खांद्यातली कळ आणि जिभेची परीक्षा. वेंकूबाईंची पूजाही सांगितली, पण आपण पातेल्याच्या कडीवरचा हात काढला, ते आधी सांगितलं.

"दर वेळी तुम्ही चाटून बघतां?" भुवनाने विचारलं.

"दर घाण्याला."

"मग ह्याच वेळी कां नाही, अक्का?"

"मडीत केला होता. उष्टा झाला असता."

राजमने मान हलवली. तिला ते कारण पटण्यासारखंच होतं. भुवनाने आईकडे बघितलं, नळ बंद केला आणि हात ओढणीला पुसला.

"आमच्या घरांत सगळे हिचंच उष्टं खातात," ती मुलीकडे मान करून म्हणाली. "तुमचं हिला चालेल. ह्यापुढे चाटूनच द्या."

 चंद्रमतीने साबण कुठे आहे एवढंच विचारलं. राजमने घरी आलेल्या दोन पिशव्यांतले दोन साबण आणून दिले, एक ओला, एक कागदातला. त्यांनी तिला जेवायला बसवलं. तिला भूक नव्हती, पण नको म्हणायचा कंटाळा आला म्हणून ती जेवली. मुलगी तिच्या मांडीवर येऊन बसली आणि तिच्या बोटांवरचा भात ओढू लागली.

पुढचे तीन दिवस चंद्रमती तंजावुरात घरोघर फिरली. श्रीनिवासराव एका हाताने तिचा दंड आणि दुसऱ्या हाताने यादी धरून बरोबर चालला. यादी त्याला धूसर दिसे, म्हणून तो घरं पाठ करून निघे आणि दोनदा चुकीच्या दारात घेऊन गेला. टाऊन बस, ऑटो, पुष्कळसं पायी. मद्रासला आणि कुंभकोणमला गेलेले साबण फोनवरून थांबवले. ते येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर परत येतील असं ठरलं, आणि आठवड्याभरात ते आलेही. बहुतेक घरांत साबण अजून पिशवीतच होता. तीन घरांत तो देवापुढे ठेवलेला होता. एका म्हातारीचा तळहात लाल झाला होता, तिने तो मसाल्याने झाला असेल म्हणून सोडून दिला होता. प्रत्येक दारात चंद्रमतीने तेच वाक्य सांगितलं, की नीट तापवलं नाही, चाखून बघितलं नाही, चूक माझी. काहींनी बसवून कॉफी दिली. काहींनी दारातच साबण हातावर ठेवला. एकीने विचारलं की मागच्या वर्षी तुमच्याकडून क्रीम घेतलं होतं, तेही टाकून देऊ का. चंद्रमती टाका म्हणाली. क्रीममध्ये काही नव्हतं, पण ते पटवून द्यायला तिच्याकडे शक्ती नव्हती.

दोन घरांनी महिन्याचा साबण बंद केला. तिने ते ऐकून घेतलं.

एकोणसाठ साबण जमले. साठावा वेंकूबाईंकडे होता.

ती गेली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. वेंकूबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. कुठल्या दारात चंद्रमती काय बोलली ते शब्दाशब्दाने त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. पूजेचं तिने फक्त पापनाशमला सांगितलं, गावात कुठे काढलं नाही, हेही पोचलं होतं. त्या उठल्या, आत गेल्या आणि साबण घेऊन आल्या. केळीच्या पानात गुंडाळलेला. आंघोळ त्याने कधीच झाली नव्हती, कडा नव्या होत्या. फक्त एका कोपऱ्यावर ओलसर चकाकी होती.

"काल संध्याकाळी लावून बघितला," वेंकूबाई म्हणाल्या.

"हाताला?"

  वेंकूबाईंनी तोंड उघडलं आणि जिभेचं टोक बाहेर काढून दाखवलं. टोकावर एक बारीक पांढरा फोड होता.

"भात गिळवत नाही," त्या म्हणाल्या. "हा आता उष्टा झाला. घेऊन जा. ह्यांना सांगूं नको."

चंद्रमतीने साबण पिशवीत टाकला. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ती पायरीवर बसली आणि चपला काढल्या. टाचा फुटल्या होत्या. साबणाच्या या सहा आठवड्यांत तिने स्वतःच्या पायांना काही लावलं नव्हतं.

एवढे सगळे टाकणार का, असं वेंकूबाईंनी विचारलं. चंद्रमतीने सांगितलं की टाकायचे नाहीत, किसायचे. किसून, पाणी घालून, मंद आचेवर तास-दोन तास ढवळायचे, म्हणजे राहिलेलं कॉस्टिक तेलाला मिळून जातं. साबण दिसायला ओबडधोबड होतो, पण वापरायला चांगला.

"ढवळणार कोण? तुझा खांदा तर…"

"मीच. दुसरं कोण आहे."

वेंकूबाईंनी एक वात वळून पुरी केली, दुसरी घेतली.

"इथेच कर," त्या म्हणाल्या. "चूल मोठी आहे. किसायला मी बसेन, बसून करायचं काम मला होतं. आणि येताना तुझा तो कालेजांतला थर्मामीटर घेऊन ये."

आतून सूर्यनारायणराव कोण आलंय म्हणून विचारत होते. वेंकूबाईंनी जिभेमुळे थोडं बोबडं होत, चंद्रा आलीय म्हणून सांगितलं आणि कॉफी टाकायला उठल्या. चंद्रमती उद्या येते म्हणणार होती. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात येते, आधी चार दिवस निजते. मग भिंतीला टेकून तिने डोळे मिटले आणि कॉफी येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.